छप्पर कापून रोडस्टर होत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजोबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी बारा वर्षं उभी आहे. तिचं छप्पर आणि मडगार्डं कापायची, बाजारातून एखादं मोठं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन शोधून बसवायचं आणि रविवारी-सुट्टीला घरच्या घरी हॉट रॉड रोडस्टर, म्हणजे वेगासाठी काटछाट केलेली बिनछपराची गाडी, तयार करायची. सुरुवात कुठून करू, इंजिन कोणतं घेऊ, असं तू विचारलंस.

पद्मिनीला ग्राइंडर लावू नकोस, एवढं आधी सांगतो. कारण तिच्या बांधणीतच आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. तिला बॉडीपासून वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. फ्लोअर, दारांखालच्या सिल, खांब आणि छप्पर मिळून एक बंद पेटी होते आणि पुढच्या चाकांना धरणारे विशबोन, मागच्या कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), इंजिन सगळं त्या पेटीच्या आधाराने असतं. बुटांचं खोकं घे, झाकण चिकटपट्टीने पक्कं लाव आणि दोन्ही टोकं धरून पिळून बघ. मग झाकण काढून पुन्हा पीळ. छप्पर गेल्यावर पद्मिनीचं तेच होतं. कुर्ल्याच्या एका गॅरेजात मी अशी छप्पर कापलेली फियाट पाहिली आहे. उभी असताना छान दिसायची. जॅकवर घेतली की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं नाही, कारण गाडी मधोमध वाकून दाराची चौकट आवळली जायची. मालकाने शेवटी दारं वेल्ड करून टाकली. मग विंडस्क्रीनच्या खांबांच्या मुळाशी पत्रा फाटायला लागला.

दुसरंही एक कारण आहे. २०२८ मध्ये तुझ्या आजोबांच्या गाडीला पन्नास वर्षं होतील. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. मूळ रूपात ही त्यातली मुख्य अट. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आजोबांची गाडी जशी आहे तशी जप, तिचं काम वेगळं काढ. हॉट रॉड हा दुसरा उद्योग आहे, त्याला दुसरं लोखंड लागतं.

हे दुसरं लोखंड म्हणजे काय, ते हॉट रॉडच्या जन्माकडे पाहिलं की कळतं. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची मडगार्डं, विंडस्क्रीन, जे जे काढता येईल ते काढून मुरॉक आणि एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यांवर वेग मोजायला न्यायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. त्यांच्या हाती होती १९०८ ते १९२७ मधली मॉडेल टी, तिच्यामागून १९३१ पर्यंत आलेली मॉडेल ए आणि मग १९३२ची फोर्ड. या तिन्हींना शिडीसारखी स्वतंत्र चासी होती आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली. बोल्ट सोडले, बॉडी उचलली, तरी खाली चाकं, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन जागच्या जागी. म्हणून त्या गाड्यांची काटछाट करता आली. त्यातही रोडस्टर सगळ्यांत हलकी, कारण तिला पक्कं छप्पर नाही आणि दारांत वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत. छप्पर नसणं हे तिच्या बांधणीत पहिल्यापासून धरलेलं आहे, नंतर कापलेलं नाही.

(आपल्याकडेही जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. त्या काळातली एखादी चासी अजून क्वचित जुन्या बंगल्यामागे सापडते. सापडली तर ती कापायची नाही. ती मूळ रूपात उभी करणाऱ्या माणसाकडे जाऊ दे.)

आता कायद्याचं, कारण हे आधी मनाशी पक्कं झालं नाही तर चार वर्षांनी फार दुःख होतं. घरी बनवलेली हॉट रॉड आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी सगळी नव्याने बनवली तर टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याला सरकारी मान्यता, लागतं. त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचण्या होतात आणि ते कारखानदाराचं काम आहे, रविवारी काम करणाऱ्या एकट्या माणसाचं नाही. बाजारात कुणीतरी तुला नक्की म्हणेल की एखाद्या जुन्या जीपचं आरसी बुक घे आणि त्यावर चालव. तसं करू नकोस. एखाद्या पोराच्या पायावरून चाक गेलं तर विमा कंपनी हात वर करेल, आणि मला त्याहून मोठं वाटतं ते त्या पोराचं. माझी गाडी शहापूरजवळ मित्राच्या शेतावर, त्याच्याच जमिनीतल्या रस्त्यावर चालते. टेम्पोत चढवून नेतो, संध्याकाळी परत आणतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. ही गाडी मी बनवण्यासाठी बनवली.

हे मान्य असेल तर पुढे वाच.

चासी कुठून आणायची? दोन वाटा आहेत. एक म्हणजे जुन्या जीपची किंवा मारुती जिप्सीची चासी. महिंद्रने मुंबईत १९४९ पासून विलीज जीप जोडल्या, त्या वंशातल्या सगळ्या जीपना शिडीसारखी वेगळी चासी आहे. जिप्सीलाही आहे. अडचण लांबीची. जुन्या सीजे-३बी जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) ८० इंच, जिप्सीचा २३७५ मिलिमीटर म्हणजे साडेत्र्याण्णव इंच. १९३२च्या फोर्डचा १०६ इंच आणि मॉडेल एचा साडेएकशेतीन. रोडस्टरचं सगळं रूप त्या लांबीत आहे. पुढे लांब बॉनेट, चाकं अगदी पुढच्या कोपऱ्यात, माणूस मागे आणि खाली बसलेला. जीपच्या चासीवर रोडस्टरची बॉडी ठेवली की ती बाबागाडीसारखी दिसते, आणि लांबी वाढवायला चासी मधोमध कापली की तिच्या जुन्या लोखंडाची सगळी दुखणी तुझ्या पदरात येतात.

म्हणून मी दुसरी वाट सांगतो. पुढचा आणि मागचा अॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक जुन्या गाडीचे घे, पण मधली शिडी नवीन बनव. ९६ बाय ४८ मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप घे. मीटरला साधारण आठ किलो भरतो. कळंबोलीच्या पोलाद बाजारात नवा मिळतो. दारूखान्याच्या भंगार बाजारातही मिळेल, पण तिथून घेतलास तर आतून गंज आहे का ते बॅटरी मारून बघ आणि धारेवर उभा धरून एक डोळा मिटून सरळ आहे का तपास. दोन लांब रेल आणि आडवे तीन. पण नुसती शिडी पिळाला कच्ची असते, खोक्याचीच गोष्ट पुन्हा. गिअरबॉक्सच्या आजूबाजूला एक्स आकाराचा जोड घातलास की ती ताठ होते. हा एक्स घालायचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. गिअरबॉक्स काढताना मध्ये येतो, हे खरं. त्याचा मधला भाग बोल्टने सुटेल असा कर, पण घाल.

माझी पहिली चासी मी १९९८ मध्ये भांडुपच्या गाळ्यात बनवली. टूलरूममध्ये चौदा वर्षं काढलेली, तेव्हा मापाचा मला भरवसा होता. सगळे तुकडे कापले, गुण्यात लावले, टाके मारले, कर्ण मोजले तर दोन्ही कर्ण सारखे. मग एका शनिवारी रात्री डाव्या रेलपासून सुरुवात करून एका दमात सगळे वेल्ड पुरे केले. सकाळी मोजलं तर कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. मी सगळं एकीकडून केल्यामुळे सगळं एकीकडे ओढलं गेलं. ती चासी मी कापून पाइप परत वापरले, तीन महिने गेले. दुसऱ्या वेळी जमिनीवर दोन आय-बीम टाकून त्यावर जिग, म्हणजे तुकडे मापात धरून ठेवणारा साचा, केला. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारी कोपरे एका पातळीत आणले, चासी जिगला क्लॅम्प केली आणि इंच-दीड इंचाचा वेल्ड इकडे, मग समोरच्या कोपऱ्यात, मग उलटून खालच्या अंगाला, असा फिरत फिरत केला. हात लावून सोसवेल इतकं थंड झाल्याशिवाय त्याच जागी परत जायचं नाही. दीड मिलिमीटरच्या आत आली. तुझ्याकडून दोनच्या आत आली तरी चालेल.

वेल्डिंग तुला येत नाही असं लिहिलंस. शीक, पण चासीचे शेवटचे वेल्ड स्वतः करू नकोस. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घे, भंगाराच्या तुकड्यांवर दोन महिने हात बसव. जोडलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून घणाने वाकवायचा. पाइप वाकला आणि वेल्ड टिकला तर ठीक, वेल्ड सोलून निघाला तर आत वितळलंच नव्हतं. कापणं, जुळवणं, टाके मारणं तू कर. पूर्ण वेल्ड गोदीत किंवा बॉयलरच्या कामात हात तयार झालेल्या माणसाकडून करून घे. मुंबईच्या आसपास असे वस्ताद अजून आहेत आणि मोटार बनवतोय म्हटलं की ते हौसेने येतात. चहा पाजून गप्पा मार. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. आणि वेल्ड घासून गुळगुळीत करायचा मोह आवर. घासलास की जोडाची जाडीच कमी होते.

आता पुढचा अॅक्सल. सगळ्यांत सोपा म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह जीपचा सरळ अॅक्सल, कमानींसकट. मूळ हॉट रॉडलाही सरळच अॅक्सल असायचा, तेव्हा रूपालाही शोभतो. इथे तीन गोष्टी चुकतात आणि तिन्ही जिवाशी येतात.

पहिली कॅस्टर. किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळ्याचा, वरचा भाग मागे झुकलेला हवा, सरळ अॅक्सलच्या हॉट रॉडला पाच ते सात अंश. सायकलचा पुढचा दांडा मागे कललेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते, तेच तत्त्व. कमानींवर हे जमवायला कमान आणि अॅक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. मागची बाजू खाली बसवून गाडीला तिरकस रूप द्यायचं तुझ्या मनात असेल तर चासी तशा कोनात ठेवूनच कॅस्टर मोज, सपाट ठेवून मोजलंस तर आकडा खोटा निघेल.

दुसरी, टायरॉड, म्हणजे पुढची दोन चाकं एकत्र वळवणारा आडवा दांडा. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. त्यासाठी किंगपिनच्या मध्यातून स्टिअरिंग आर्मच्या टोकावरून दोरी ताणली तर दोन्हीकडच्या दोऱ्या मागच्या अॅक्सलच्या मध्याशी मिळायला हव्यात. जागा अडते म्हणून काही जण आर्म उलटे करून टायरॉड अॅक्सलच्या पुढे आणतात. मग दोऱ्या पुढच्या बाजूला मिळतात आणि वळणावर पुढचे टायर फरफटतात. टायरॉड मागेच ठेव, इंजिनचा संप (खालचं तेलाचं भांडं) आडवा येत असेल तर इंजिन सरकव.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. स्टिअरिंगचे आर्म, स्टब अॅक्सल, ड्रॉप आर्म हे घडीव पोलादाचे असतात. ते गॅसने तापवून वाकवायचे नाहीत, त्यांना वेल्ड करायचा नाही, भोक मोठं करायचं नाही. बाजारात हे सगळं पाच मिनिटांत करून देणारे भेटतील. हो म्हणू नकोस. माप जुळत नसेल तर जुळणारा भाग शोध, महिना लागला तरी चालेल. आणि स्टिअरिंगचा दांडा सरळ भाल्यासारखा छातीकडे आणू नकोस. मध्ये दोन जॉइंट देऊन त्याला वाकण दे, म्हणजे समोरून धडक बसली तर तो मागे न येता दुमडेल.

ब्रेकचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. गाडी अजून इंजिनाविना होती. नुसती चासी, चाकं, सीट. गाळ्यासमोरच्या उतारावर ढकलून ब्रेक बघायचा ठरवला. दोन वेळा छान थांबली. तिसऱ्या वेळी, मध्ये अर्धा तास गेला होता, पेडल फळीपर्यंत खाली गेलं आणि गाडी वाळूच्या गोण्यांवर जाऊन थांबली. गोण्या मीच ठेवल्या होत्या म्हणून बरं. गळती कुठेही नव्हती. मी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) फ्लोअरखाली बसवला होता, म्हणजे चाकांच्या सिलिंडरपेक्षाही खाली. गाडी उभी राहिली की तेल हळूहळू मागे उतरायचं आणि पुढच्या वेळी पहिली लाथ ते परत भरण्यातच जायची. याला उपाय ठरलेला आहे. लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात, ड्रमसाठी १० पीएसआयचा आणि डिस्कसाठी २ चा. नाहीतर मास्टर सिलिंडर वर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर, घ्यायचा. मी तो वर घेतला.

ब्रेक एकाच गाडीचे सगळे घे. मास्टर सिलिंडर एकाचा, पुढचे कॅलिपर दुसऱ्याचे, मागचे ड्रम तिसऱ्याचे असं केलंस की पुढच्या-मागच्या दाबाचा मेळ बसत नाही. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचाच हवा. एक लाइन फुटली तरी दुसरी उरली पाहिजे. पेडलची तरफ साधारण सहास एक ठेव. दुकानदार तांब्याची नळी देऊ करेल, हाताने वाकते, कामाला सोपी. घेऊ नकोस. तांबं कंपनाने कडक होत जातं आणि चिरतं. पोलादी ३/१६ इंच नळी आणि टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून फाकवलेलं तोंड. फ्लेअर मारायचं हत्यार नागदेवी स्ट्रीटला मिळतं. पहिली वीस टोकं तू फुकट घालवशील, म्हणून नळी जास्तीची आण.

चासी चाकांवर उभी राहिली की आणखी एक दोरी ताण. एका चाकाच्या रिमच्या तळापासून समोरच्या चाकाच्या रिमच्या तळापर्यंत. सायलेन्सर, संप, ब्रेकची नळी, कमानीचा यू-बोल्ट, काहीही या दोरीखाली असता कामा नये. टायर फुटून गाडी रिमवर बसली की या रेषेखालचं सगळं जमिनीवर घासतं. गाडी खाली बसवण्याच्या नादात हे फार जण विसरतात.

इंजिन तू पहिलं विचारलंस आणि मी शेवटाकडे आणलं, ते मुद्दाम. तुला व्ही-८ हवं आहे. १९३२च्या ज्या फोर्ड व्ही-८ मुळे हॉट रॉड नावारूपाला आली, ते इंजिन २२१ घन इंचाचं, म्हणजे ३.६ लिटरचं होतं आणि कारखान्यातून निघताना त्याची ताकद होती ६५ अश्वशक्ती. २०२२ पर्यंतच्या मारुती ईकोचं ११९६ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन ७३ देतं. तुझी रोडस्टर साडेसहाशे किलोच्या आत राहिली तर हे इंजिन तिला पुष्कळ आहे. शिवाय ईको मागच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा अॅक्सल सगळं एकाच अपघाती गाडीतून, एकमेकांशी जुळणारं मिळतं. हे मला फार मोलाचं वाटतं. मोठं व्ही-८ आणलंस तर त्याचं वजन पुढच्या अॅक्सलवर, त्याची उष्णता रेडिएटरवर आणि त्याचा जोर तुझ्या पहिल्याच वेल्डवर येईल.

ईकोचं घेतलंस तर संगणक, वायरिंगचा पूर्ण जुडगा, सगळे सेन्सर, अॅक्सिलरेटरचं पेडल आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असेल तर किल्लीसुद्धा त्याच गाडीची घे. वायर कापून दिली तर घेऊ नकोस. मूळ गाडीत ते सीटखाली बसतं, तेव्हा गिअरच्या दांड्याची जोडणी तुझ्या बैठकीप्रमाणे पुन्हा करावी लागेल. एवढा व्याप नको असेल तर कार्ब्युरेटरवालं जिप्सीचं ९७० सीसी इंजिन बरं. ताकद कमी, पण चार वायरींवर चालतं आणि मुंबईतल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला ते माहीत आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूने भंगाराच्या गाड्यांचे भाग मिळतात, नवे भाग ऑपेरा हाउसकडे. जुनं इंजिन घेताना बिल आणि गाडी रीतसर भंगारात गेल्याचे कागद मागून घे. बिल नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

बसवताना गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि मागच्या अॅक्सलमधल्या डिफ्रेन्शलच्या पिनियनचा शाफ्ट एकमेकांना समांतर ठेव. बाजूने पाहिलं तर दोन्ही एकाच कोनात, उंची वेगळी असली तरी चालेल. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या क्रॉसवरचा कोन दोन-तीन अंशांच्या आत. हे चुकलं तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. रेडिएटर देताना कंजुषी करू नकोस. मेच्या उन्हात शेतावर हळू चालवताना त्यावर वारा येत नाही, विजेचा पंखा लागतोच.

पेट्रोलची टाकी मागे, चासीच्या दोन रेलच्या मध्ये. मॉडेल एला ती डॅशबोर्डच्या पुढे, माणसांच्या गुडघ्यांवर असायची, पेट्रोल आपोआप उतरावं म्हणून. रूप जुनं ठेव, ही रीत ठेवू नकोस. आणि जुन्या टाकीला, ती कितीही वर्षं कोरडी असली तरी, वेल्ड करायला जाऊ नकोस. आतली वाफ पेट घेते. नवी बनवून घे.

बॉडीला तुझ्यापुढे पत्रा किंवा फायबर. पत्र्याची कला मुंबईच्या डेंटरांकडे आहे, पण १.२ मिलिमीटरच्या पत्र्यातून रोडस्टरचा मागचा गोलवा काढणं हे वस्तादाचं काम, त्याचे पैसे आणि महिने दोन्ही लागतात. फायबर घरी जमतं. गणपतीच्या सजावटीसाठी आणि नाटक-सिनेमाच्या सेटसाठी साचे काढणारे कारागीर लालबाग-परळपासून गोरेगावपर्यंत आहेत. त्यांच्यापैकी एकाबरोबर दोन रविवार बस, साच्याला मेण कसं लावायचं इथपासून सगळं कळेल. एक धोका मात्र पाठ कर. रेझिन घट्ट करायला दोन द्रव लागतात, कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर अगदी शेवटी.

फायबरला ताकद नसते, म्हणून आत पोलादी पाइपचा सांगाडा हवा. काउलखाली (विंडस्क्रीनच्या पुढच्या भागाखाली) एक पाइपची कमान, सीटमागे एक, आणि दारांखालून दोन्ही जोडणारे पाइप, सगळं चासीला बोल्टने. दारांच्या बिजागऱ्या आणि सीटबेल्टचे बोल्ट या सांगाड्यालाच. फायबरला बांधलेला बेल्ट धडकेत फायबरचा तुकडा घेऊन येतो. सीटमागच्या कमानीला रोलबारची उंची दे. रोडस्टर उलटली तर डोक्यावर दुसरं काहीच नसतं. आणि फायबरमधून अर्थ (विजेची परतीची वाट) मिळत नाही, प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर चासीपर्यंत ओढावी लागते.

जून ते सप्टेंबर रंगाला हात लावू नकोस. दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि उघड्या लोखंडावर रात्रीत गंज धरतो. चासीला पावसाआधी झिंक प्रायमर लागलाच पाहिजे. पावसाळ्यात वायरिंग, सीट, ब्रेकचे छोटे भाग अशी आतली कामं घ्यायची.

जागेबद्दल तू काही लिहिलं नाहीस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नकोस. आजूबाजूला पेट्रोल भरलेल्या गाड्या, वर माणसांची घरं, आणि ग्राइंडरची ठिणगी पंधरा फूट उडते. वागळे इस्टेट किंवा भांडुपला एखाद्या फॅब्रिकेटरच्या गाळ्यातला कोपरा रविवारपुरता भाड्याने मिळतो. मी तसंच केलं. अग्निशामक सिलिंडर स्वतःचा घेऊन जा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांब. ठिणगी बोळ्यात धुमसत राहते आणि माणूस घरी गेल्यावर पेटते.

दोन लाख रुपये आणि एक वर्ष असा तुझा हिशेब आहे. माझ्या अनुभवात एवढ्यात चासी, अॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक नीट होतात. तेवढंच कर. माझ्या गाडीला साडेचार वर्षं लागली आणि त्यातली पहिली दीड फक्त यातच गेली. ती दीड वर्षं मला सगळ्यांत जास्त आठवतात.

या रविवारी लोखंड आणू नकोस. मोकळी फरशी बघ, खडू आणि टेप घे. १०६ इंचांवर दोन आडव्या रेघा मार, या तुझ्या अॅक्सलच्या. मग मागच्या रेघेच्या जरा पुढे पाट ठेवून पाय पसरून बस आणि मित्राला तुझ्या टाचा, गुडघे, कोपर यांची मापं खडूने काढायला सांग. पायांच्या पुढे इंजिन आणि गिअरबॉक्सला किती जागा उरते ते मोज. त्या आकृतीचं माप मला कळव, रेल पुढे किती आवळायचे आणि एक्स कुठे बसवायचा ते त्यावरून सांगतो.